चौकोनी खड्डे

९ जानेवारी

बारके,

सात वर्षांनी दादाचं पत्र आलं म्हणून त्याला पाझर फुटला असं समजू नकोस. काम निघालं म्हणून लिहितोय. अण्णांचे डोळे चाललेत. काचबिंदू. कडेचं दिसायचं कधीच बंद झालं होतं, पण म्हाताऱ्याने कोणाला पत्ता लागू दिला नाही. चौकटीला खांदा आपटला की चौकटीलाच शिव्या. आता नळीतून बघावं तेवढं समोरचं उरलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली या मोसमापुरती आहे असं धरून चाला.

तेव्हा तुला बापाचं तोंड बघायचं असेल तर कधीही ये. त्यांनी तुझं बघावं असं वाटत असेल तर मार्च संपायच्या आत ये.

त्यांनी बोलावलेलं नाही. खोटं कशाला लिहू? तुझं नाव या घरात निघत नाही. पण परवा तुझ्या वहिनीने माळा आवरताना तुझे रबरी बूट टाकून द्यायला काढले, तर अण्णा म्हणाले, "असू दे, कोणाला तरी होतील." या घरात त्या मापाचे पाय आता कोणाचेच नाहीत.

बाकी इथे सगळं जिथल्या तिथे. पडक्या नगराचे खांब तसेच उभे, समुद्र तसाच. माणसं येतात, हजारो वर्षांच्या दगडाला पाय लावून फोटो काढतात आणि वर मला विचारतात, "कासवं किती वाजता येतात हो?" जसं काही चौकीच्या भिंतीवर कासवांचं वेळापत्रक टांगलंय. हो, मलाच विचारतात. घरट्यांच्या राखणदाराची अण्णांची जागा मला मिळाली, हे तुला तुझ्या त्या नकाशेवाल्याकडून कळलंच असेल. उत्खननातली मंडळी गावं सोडतात, पण चुगल्या सोडत नाहीत. त्याला नमस्कार सांग. नाही तर राहू दे.

दादा


२७ जानेवारी

बारके,

कार्ड पोचलं. ना मायना, ना सही. चार शब्द, "अण्णांना खरं सांगितलंस का?"

वा! बाप आंधळा होतोय आणि लेक अटी घालतेय. पोस्टमनने वाचलं असणार, तो हल्ली माझ्याकडे बघून उगाच खाकरतो.

खरं म्हणजे काय, ते एकदा मीच लिहून काढतो, म्हणजे उद्या तू सोयीचं तेवढं आठवायला नको. त्या वर्षी अण्णा पाय मोडून दवाखान्यात पडले होते. तिथून त्यांचा निरोप आला की संध्याकाळी उधाणाची भरती आहे, खालच्या अंगाची नऊ घरटी पाण्यात जातील, ती उचलून पडक्या भिंतीआडच्या कुंपणात न्या. अंड्यांना हात लावायचा परवाना दोघांनाच होता, अण्णांना आणि तुला. आणि तू कुठे होतीस? सकाळच्या बसने नकाशेवाल्याबरोबर शहरात. जाताना मला म्हणालीस, "दादा, आजचा दिवस सांभाळून घे." मी सांभाळून घेतलं. उन्हाच्या तडाख्यात एकट्याने नऊ घरटी हलवली. संध्याकाळी येऊन चौकीच्या वहीत "नऊ घरटी हलवली" असं लिहून खाली सही तू केलीस. तुझा हात धरून कोणी करवली नाही. तू गावात नव्हतीस हे तुला झाकायचं होतं, आणि परवाना नसताना मी अंड्यांना हात लावला हे मला. दोघांचंही भागलं.

पंचावन्न दिवस झाले, साठ झाले, एक पिल्लू वर आलं नाही. मग अण्णा कुबडी टाकून वाळूत बसले आणि एकेक घरटं उकरलं. सगळी अंडी नासलेली. आणि एकाही अंड्यावर पेन्सिलीचा ठिपका नाही.

तुला कशाला सांगतोय हे? पण लिहायला घेतलंय तर लिहितो. अंडं एक दिवसाचं झालं की आतला जीव वरच्या अंगाला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं तर तो जागीच मरतो. म्हणून उचलायच्या आधी वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने ठिपका द्यायचा आणि नव्या खड्ड्यात ठिपका वरच ठेवायचा. हे अण्णांनी तुला सातव्या वर्षी शिकवलं. मला कधीच नाही.

दुसरी गोष्ट खड्ड्यांची. कासवाचा खड्डा मडक्यासारखा असतो, तोंड बारीक, पोट मोठं, आणि अण्णा हातांनी तसाच करायचे. हे नऊ मात्र चौकोनी होते. पडक्या नगरात खणणारे लोक चौकोनीच खणतात, दोरी लावून, कोपरा धरून. अण्णांनी वहीतली सही बघितली, खड्डे बघितले आणि म्हणाले, "मन त्या नकाशेवाल्यात. पेन्सिल कुठली आठवणार? खणायचंसुद्धा त्याच्याकडून शिकून आली. माझ्या कामाला पुन्हा हात लावू नकोस."

तू माझ्याकडे बघितलंस. मी समुद्राकडे बघत होतो.

तू का नाही बोललीस? तोंडात काय गुळणी धरली होतीस? महिन्याभरात नकाशेवाल्याबरोबर निघून गेलीस आणि मला मात्र कायमचं टांगून ठेवलंस. मोठेपणाने गप्प बसलीस की मी बोलण्याच्याही लायकीचा नाही म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही.

दादा


१० फेब्रुवारी

बारके,

सांगायला गेलो होतो. दोनदा.

पहिल्यांदा ते नखं कापत होते. हातांनी चाचपून, एकेक. मी समोर बसलो, तर म्हणाले, "उजेड अडवू नकोस." दुसऱ्यांदा त्यांनी मलाच घरटी किती झाली विचारलं. मी एकेचाळीस म्हणालो. म्हणाले, "बरं चाललंय तुझं. मला वाटलं नव्हतं." बापाच्या तोंडून उभ्या जन्मात निघालेलं हे पहिलं बरं वाक्य. त्यावर मी काय सांगणार होतो?

तुला सोपं आहे. चार शब्द लिहायचे आणि कार्ड पेटीत टाकायचं. इथे खात्याच्या साहेबांच्या कानावर गेलं तर माझी जागा जाईल. परवाना नसताना नऊ घरटी मारणाऱ्याला कोण राखणदार ठेवेल? आणि म्हाताऱ्याचं हृदय अधू आहे. झालं गेलं गंगेला मिळालं. तू ये, पायावर डोकं ठेव, ते विरघळतील. सात वर्षं शिक्षा भोगलीस, आता शेवटी एकदा वाकलीस तर काय बिघडणार आहे?

तुझी पोर आता पाच वर्षांची असेल. तिला आण. आजोबांना नातीचा चेहरा दिसू दे.

दादा


१२ फेब्रुवारी

बारके,

परवाचं पत्र फाडून टाक. वहिनीने ते पेटीत टाकायच्या आधी वाचलं असतं तर मला घरात घेतलं नसतं. आज तिला सगळं सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाकायचं कोणी?" मग भांडी घासायला निघून गेली.

दादा


१९ फेब्रुवारी

बारके,

सांगितलं. ये.

दादा


४ मार्च

बारके,

तुझं दुसरं कार्ड. "मग ते काय म्हणाले?" शब्द पुन्हा चारच. तुला कधी फसवता येत नाही, लहानपणीही यायचं नाही.

सांगितलं हे खरं. दुपारी, चहा झाल्यावर, वहिनीच्या देखत. म्हणालो, "अण्णा, ती नऊ घरटी बारकीने हलवली नव्हती. मी हलवली होती." त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. मग हसले. बारके, ते हसले. माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "बहिणीचं पाप अंगावर घ्यायला निघालास होय? आईवर गेलास. पण असली थाप पचायची नाही रे. तुला तेव्हा घरटं कुठे आहे ते ओळखता येत नव्हतं, तू नऊ हलवणार?"

त्या दिवसापासून मी या घरात देवमाणूस झालोय. शेजारच्या शिंप्याला अण्णा सांगत होते की पोरगा मनाचा राजा आहे, बहिणीसाठी खोटंसुद्धा बोलतो. शिंप्याने मला दोन वेळा नमस्कार केला. वहिनी ताटात वाढते आणि तोंड फिरवते.

आणि मी तुला "सांगितलं, ये" असं लिहून मोकळा झालो. तुझी अट पुरी केली, असा हिशोब. पालथ्या घड्यावर पाणी ओतलं, पण ओतलं तर खरं, असं स्वतःला समजावत होतो. ते मानत नाहीत याचं मला बरंच वाटलं होतं. सुटल्यासारखं. हे तुला लिहिलं नाही तर मी कुठेच लिहू शकणार नाही.

आता लिहितोच आहे तर सगळं घे.

मी ते तुझ्यासाठी केलं नाही. भरती साडेसहाला होती. तू चारच्या बसने येणार होतीस, हे मला माहीत होतं, तू मला सांगून गेली होतीस. अडीच तास होते. तू आणि मी मिळून नऊ घरटी आरामात हलवली असती. मी थांबलो नाही. कारण बारा वाजता माझ्या मनात आलं की अण्णा दवाखान्यातून परत येतील तेव्हा त्यांना दिसू दे, नऊच्या नऊ, एकट्याने. मी तेव्हा उत्खननावर माती उचलणारा गडी होतो. लहानपणापासून तुम्ही दोघं पहाटे निघायचात, तू पुढे, अण्णा मागे, आणि मला म्हणायचे, तू झोप. मी झोपलेलो नसायचो.

उत्खननाच्या कोठारातलं चपटं फावडं घेतलं, निळी बादली घेतली आणि अंडी बटाट्यासारखी भरली, बटाट्यासारखी ओतली. ठिपक्याचं मी ऐकलं होतं. मला वाटलं ते तुमचं दोघांचं उगाच सोवळं आहे.

आणि संध्याकाळी, सही करायच्या आधी, तू पेन हातात धरून विचारलंस, "दादा, खुणा केल्यास ना सगळ्यांना?" मी हो म्हणालो. अंडी तेव्हा मेलेलीच होती, हो म्हणण्याने ती काही मेली नाहीत. पण तू सही केलीस ती त्या "हो"वर. जानेवारीच्या पत्रात मी लिहिलं की हात धरून कोणी करवली नाही. मी करवली.

उकिरड्यावर फेकावं असा भाऊ तुला मिळाला. आता पुढे काय करायचं ते मला कळत नाही.

दादा


१३ मार्च

बारके,

परवा सकाळी अण्णांना किनाऱ्यावर घेऊन गेलो. चालत नेलं, माझ्या खांद्याला धरून. वर्षभर गेले नव्हते. पडक्या देवडीपाशी आलो तेव्हा ऊन चढत होतं. एक शाळेची सहल आली होती, बाई मुलांना ओरडत होत्या की भिंतीवर चढू नका. अण्णांनी विचारलं, वाळू कुठवर आलीय? मी सांगितलं. कुंपणाजवळचा तो आडवा पडलेला खांब आठवतो ना, ज्यावर तू डबा खायचीस? त्यावर त्यांना बसवलं.

कोठारातून फावडं आणलं होतं. तसलंच चपटं. राखणदार झाल्यापासून मी हातांनीच खणतो, गोल. कोणी शिकवलं नाही, कासवांचे बघून बघून शिकलो. पण परवा फावडं घेतलं आणि त्या दिवशी खणलं होतं तसं खणलं, विचार न करता. ओली वाळू लागली तेव्हा थांबलो. अण्णांचा हात धरला आणि म्हणालो, "आत घाला."

त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. तुला त्यांचे हात माहीत आहेत, खड्डा चाचपून कासवाचा कुठला पाय अधू आहे ते सांगायचे. बोटं एका भिंतीवरून फिरली, कोपऱ्यात थांबली. दुसरा कोपरा. तिसरा. चौथ्यापाशी हात थांबला तो हलेचना. पुन्हा पहिल्यापासून फिरवला.

मी डावखुरा आहे, बारके. माझं फावडं उजव्या अंगाच्या जवळच्या कोपऱ्यात नीट उतरत नाही, तिथे उतार राहतो. उत्खननावरचा मुकादम मला यावरून रोज बोलायचा. तीन कोपरे सरळ, चौथा तिरका. त्या नऊही खड्ड्यांत असंच असणार. वहीत तुझी सही होती आणि वाळूत माझी.

अण्णांनी हात बाहेर काढला. झटकला नाही, तसाच वाळूने भरलेला मांडीवर ठेवला. काहीतरी पुटपुटले, पण सहलीतली मुलं ओरडत होती, मला नीट ऐकू आलं नाही. मग पुन्हा म्हणाले.

"ठिपके नव्हते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. बारकी तर पेन्सिल कानामागे घेऊन झोपायची."

मी पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय आखडून घेतले. म्हणाले, "घरी चल." परत येताना त्यांनी माझ्या खांद्याला धरलं नाही. भिंतीला धरून आले. दोनदा ठेचकाळले. मी हात पुढे केला की थांबून उभे राहायचे, मी हात मागे घेईपर्यंत.

दादा


२५ मार्च

बारके,

ते माझ्याशी बोलत नाहीत. चौदा दिवस झाले. माझ्या हातचा पेला घेत नाहीत. मी खोलीत आलो की पायांच्या आवाजावरून ओळखतात आणि भिंतीकडे तोंड करतात. वहिनीमार्फत निरोप चालतात, "त्याला सांग, दार लोट." मी तिथेच उभा असतो, चार हातांवर. तुझ्या शेवटच्या महिन्यात ते तुझ्याशी असंच वागायचे ना? तू सकाळी त्यांच्यासमोर चहा ठेवायचीस आणि तो दुपारपर्यंत तसाच असायचा. मी तो चहा सांडून देऊन कप विसळून ठेवायचो आणि मनात म्हणायचो, भोग आता. चौदा दिवसांत माझी ही गत झाली. तू एक महिना काढलास आणि मग सात वर्षं.

साहेबांनाही जाऊन सांगितलं. ते म्हणाले, मोसम संपेपर्यंत राहा, मग बघू. म्हणजे जागा गेली असं समज. मला वाईट वाटायला हवं, पण त्यासाठी आत जागा उरलेली नाही.

नजर आता जवळपास गेली. खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. मार्च संपायच्या आत ये असं मी लिहिलं होतं आणि त्यातला दीड महिना मी तुझ्या अटीशी घासाघीस करण्यात घालवला. तू लगेच आली असतीस तर त्यांनी तुला बघितलं असतं. हे मी केलं. नऊ घरट्यांवर दहावं.

आज सकाळी अण्णांनी वहिनीला हाक मारली आणि म्हणाले, बारकीला पत्र लिहायचंय. तिने कागद घेतला तर म्हणाले, "तू नको. त्याला लिहू दे." मी भिंतीशी बसलो. ते वहिनीला सांगत होते, वहिनी मला सांगत होती, आणि मला तर त्यांनी म्हणताक्षणीच ऐकू येत होतं. पण मी दर वेळी तिने सांगेपर्यंत थांबलो. त्यांचं जसं आहे तसं लिहितो.

"चौकीतल्या जुन्या वहीत एक ओळ आहे. खाली तुझी सही आहे. ती ओळ खोटी आहे. मला आता वाचता येत नाही. तू येऊन ती मला वाचून दाखव आणि मग स्वतःच्या हाताने खोड. पोरीला आण. बूट ठेवले आहेत."

एवढंच. माफीचा शब्द त्यांच्या तोंडून निघणार नाही, तो शोधत बसू नकोस.

ते झोपल्यावर मी चौकीत जाऊन ती वही काढली. वाटलं, आपणच खोडावं, निदान एवढं तरी. पेन टेकवलं आणि थांबलो. तारीख आहे, नऊ घरटी आहेत, तुझं अक्षर, तुझं नाव. त्या पानावर माझं कुठेच काही नाही. खोडायला माझं असं काही नाही. वही होती तशी फडताळात ठेवली.

वरच्या कुंपणात या महिन्यात सहा घरटी हलवलीत. प्रत्येक अंड्यावर ठिपका आहे. त्यांची तारीख एप्रिलच्या शेवटाची आहे, तुझ्या पोरीला पिल्लं बघता येतील. तोवर राखणदार मीच आहे.

चारची बस अजून चारलाच येते. या वेळी मी थांबेन.

दादा